वाऱ्यावर सोडलेली पैठणी

आमच्या घरी टेबलफॅनला हात लावायची मला बंदी आहे. वय ६३, ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवल्याची ३१ वर्षं पदरी, आणि उकडायला लागलं की बटण दाबण्यासाठी बायकोला हाक मारायची. पहिले दोन दिवस हा सरळ सरळ अन्याय वाटला. तिसऱ्या दिवशी साडीचं बिल कपाटातून काढून पुन्हा एकदा वाचलं आणि गप्प बसलो.

सुरुवात भाच्यापासून झाली. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीत नाशिकला आला तेव्हा मी निवृत्तीनंतरच्या त्या अवस्थेत होतो, जिथे माणूस गॅसचं सिलिंडर कधी संपलं याची वही ठेवायला लागतो. त्याला माझी दया आली असावी. म्हणाला, "मामा, हे बघ," आणि मोबाइल पुढे केला.

व्हिडिओ एमआयटीतल्या संशोधकांचा होता. कोथरूडच्या नव्हे, अमेरिकेतल्या. साल २०१२. एक माणूस कॅमेऱ्यासमोर नुसता बसलेला. हृदयाच्या ठोक्यागणिक चेहऱ्यात रक्त येतं-जातं आणि कातडीचा रंग कणभर बदलतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. संगणकानं तेवढाच बदल वेचून मोठा केला, तसा तो गृहस्थ लाल-फिका, लाल-फिका असा लुकलुकायला लागला. मनगट न धरता नाडी! त्यांचंच पुढचं काम २०१४ चं. वेफर्सची रिकामी पुडी, मध्ये ध्वनिरोधक काच, पंधरा फुटांवर सेकंदाला हजारो चित्रं टिपणारा कॅमेरा. आवाजानं पुडी थरथरते. ती थरथर मोजून त्यांनी काचेपलीकडचं बोलणं परत ऐकवलं.

मी थक्क होऊन हे स्वयंपाकघरात सांगितलं. आतून उत्तर आलं, "तुम्हाला काचेशिवाय, दोन फुटांवरून सांगितलेलं ऐकू येत नाही. पिशव्या घेऊन या म्हटलं होतं."

पण मला गाठलं ते या दोहोंच्या मधल्या, २०१३ च्या प्रयोगानं. तीस तऱ्हेची कापडं घेतली, एकेक टांगलं, त्यावर पंख्याचा वारा सोडला: हलका, मध्यम, जोराचा. कापड नुसतं कसं हलतं एवढ्यावरून संगणकानं दोन गोष्टी सांगायच्या. कापड किती ताठ आहे, आणि चौरस मीटरला त्याचं वजन किती. हीच कापडं त्यांनी माणसांनाही दाखवली, एकदा फोटोत आणि एकदा व्हिडिओत. फोटोपेक्षा व्हिडिओ बघून माणसांचे अंदाज जास्त बरोबर आले. म्हणजे वस्तू कशाची आहे हे तिच्या रंगारूपापेक्षा तिच्या हलण्यावरून जास्त कळतं.

वाचताना मला आई आठवली. माजघरात भाजी निवडत बसलेली असायची आणि मागच्या दारातून दोरीकडे एक नजर टाकून सांगायची, "पंचे काढ, वाळलेत. सतरंजी राहू दे." ओली सतरंजी जडपणे झुलते, वाळलेला पंचा फडफडतो. ती चौथी शिकलेली होती. तिनं जे डोळ्यांच्या कोपऱ्यातून केलं ते करायला एमआयटीला संगणक लागला, आणि मी तर भौतिकशास्त्राचा एमएस्सी. तेव्हा मी दोघांच्या मध्ये कुठेतरी बसणार, असा माझा हिशेब होता.

पहिला प्रयोग पट्टीचा. टेबलाच्या कडेला फूटपट्टी दाबून धरायची आणि बाहेरचं टोक टणकन सोडायचं. या उद्योगासाठी मी ३१ वर्षं पोरांच्या पट्ट्या जप्त केल्या. त्यातल्या कित्येक स्टीलच्या माझ्याच खणात होत्या. एक एक मिलिमीटर जाडीची निवडली. तेवढ्याच जाडीची पितळी पट्टी भांडी बाजारातून कापून आणली आणि अ‍ॅल्युमिनियमची खिडक्या बसवणाऱ्याकडून. तिन्ही पट्ट्या टेबलाबाहेर २५ सेंटिमीटर. मोबाइल स्लो मोशनवर, सेकंदाला २४० चित्रं.

स्टीलच्या पट्टीला एक हेलकावा पुरा करायला १८ चित्रं लागली, म्हणजे सेकंदाला १३ हेलकावे. पितळेला २७ चित्रं, म्हणजे ९ हेलकावे. मी खुर्चीतून उठलो. न उचलता, न खरवडता, नुसतं बघून धातू ओळखला होता! तिसरी पट्टी लावली. अ‍ॅल्युमिनियम: १८ चित्रं.

पुन्हा मोजलं. १८. चष्मा पुसून मोजलं. १८. माझ्या शास्त्रावर माझा पूर्ण विश्वास असल्यामुळे मी खिडकीवाल्याला फोन लावला आणि म्हणालो, अ‍ॅल्युमिनियम म्हणून स्टील गळ्यात मारतोस काय? तो बिचारा जेवत होता. म्हणाला, "सर, एकदा हातात घेऊन बघा ना."

हातात घेतली. पिसासारखी हलकी.

मग आठवलं. हेलकाव्यांचा वेग नुसत्या ताठरपणावर ठरत नाही आणि नुसत्या वजनावरही नाही. तो ठरतो दोहोंच्या भागाकारावर. पोलादाचा ताठरपणा साधारण २०० गिगापास्कल, अ‍ॅल्युमिनियमचा ७०. घनता पोलादाची ७.८, अ‍ॅल्युमिनियमची २.७. भागाकार करून बघा, दोन्हीकडे २६ च्या आसपास येतो. अ‍ॅल्युमिनियम जितकं हलकं तितकंच लेचंपेचं, म्हणून डुलताना पोलादासारखं डुलतं. हा तक्ता मी दर वर्षी दुसऱ्या सत्रात फळ्यावर लिहून देत असे. पोरं उतरवून घेत. मी नुसता लिहीत असे.

एमआयटीवाल्यांनी २०१५ साली हाच खेळ धातूच्या कांड्यांवर केला तेव्हा कांडीची लांबी, जाडी, घनता त्यांना आधीच ठाऊक होती. हलणं हे समीकरण आहे. त्यातल्या एका गोष्टीखेरीज बाकी सगळं माहीत असेल तर ती एक गोष्ट सापडते. हे वाक्य मी वहीत लाल शाईनं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली. मिटायला नको होती.

कारण मार्गशीर्षात भाचीचं लग्न ठरलं. गौरीहर पुजायला बसताना नवरीच्या अंगावर मामाकडची पिवळी साडी असते. धाकट्या बहिणीनं फोनवर म्हटलं, "दादा, साधी घेतलीस तरी चालेल." बहीण असं म्हणते तेव्हा साधी घेऊन चालत नाही. मी पैठणी जाहीर करून टाकली. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "येवल्याला जाऊ. पण नीट बघून घ्यायला हवी, हल्ली सेमी पैठण्या हुबेहूब निघतात." ती बायकोची साधी सूचना होती. मला ती माझी नेमणूक वाटली.

तयारी महिनाभर चालली. वाचता वाचता कळलं की कापडाचा हाताला लागणारा पोत आकड्यांत पकडायचा खटाटोप जुना आहे. इंग्लंडमध्ये पीअर्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९३० साली त्यावर निबंध लिहिला. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. टोक वाकत वाकत साडेएक्केचाळीस अंशांवर आलं की थांबायचं आणि बाहेर आलेली लांबी मोजायची. जितकं कापड ताठ तितकी लांबी जास्त. खर्च शून्य. मी जेवणाच्या टेबलावर कोनमापक लावून बायकोच्या शालीवर हा प्रयोग केला. खालच्या स्टुलावर आमटीचं पातेलं आहे हे माझ्या लक्षात आलं तेव्हा शाल साधारण पस्तीस अंशांवर होती.

मग टेबलफॅन. आमच्या पंख्याला तीन बटणं, आणि एमआयटीतही वाऱ्याच्या तीनच पायऱ्या. मी हा शुभशकुन मानला. दिवाणखान्याचा पॉलिएस्टरचा पडदा, आईचं जुनं सुती लुगडं, माझं सोवळं, सगळं दोरीवर टांगून झालं. काठाला सेकंदात किती लाटा येतात ते चित्रागणिक मोजून वही भरली. लुगडं आणि पडदा यांतला फरक मी दर खेपेला अचूक ओळखला. दोन्ही मीच टांगलेले होते, ही बाब तेव्हा गौण वाटली.

येवल्याला निघालो तेव्हा गाडीत बायको, बहीण, भाची आणि मागच्या सीटवर बहीण-भाचीच्या मध्ये पट्टा लावून बसवलेला टेबलफॅन. निफाडपर्यंत कुणी बोललं नाही. विंचूरला भाचीनं विचारलं, "मामा, पंखा हळदीलाही येणार आहे का?"

दुकानात गादीवर बसलो. मालक सज्जन माणूस. त्यानं विचारायच्या आधीच दोन गठ्ठे वेगळे मांडले. "काका, या सेमी, या हातमागावरच्या प्युअर. भाव वेगळे. आम्ही सांगूनच विकतो." मी बायकोकडे बघून डोळा मिचकावला. जो माणूस इतकं खरं बोलतो तो काहीतरी लपवत असणार, असा तर्क त्या वेळी मला सुचला होता.

नोकर साड्या दाखवत होता. घडी हातात घ्यायची, मनगटाला एक झटका द्यायचा, साडी हवेत उलगडून गादीवर उतरायची. एक साडी सुळकन पसरून तशीच राहायची. दुसरी पडल्यावर अर्धं बोटभर उशी घेऊन मग बसायची. बायको आणि बहीण त्या पडणाऱ्या साड्यांकडे बघत "ही नको", "ही ठेवा" म्हणत होत्या. आता कळतं, माझा सगळा प्रयोग तिथं दिवसभर विनापंखा चाललेला होता. मी त्या वेळी भिंतीवर प्लग शोधत होतो.

परवानगी मिळाली. "मागे एक गिऱ्हाईक पत्रिका घेऊन आलं होतं," मालक म्हणाला. "साडीचा रंग ग्रहांशी जुळवून नेला. तुम्ही लावा पंखा." मी दोरी बांधली. बाहेरचा वारा प्रयोगात नको म्हणून छताचे पंखे बंद करायला लावले, एसी बंद करायला लावला. शेजारच्या गादीवरचं वऱ्हाड पदरांनी वारा घेऊ लागलं. मी पहिली सेमी दोरीवर टांगली, पंखा मध्यम केला आणि मोबाइल घेऊन गुडघ्यांवर बसलो. पुढची साडी, हातमागाची पिवळी, लगेच टांगता यावी म्हणून दुकानातल्या पोराला हातावर घेऊन उभं राहायला सांगितलं.

कुठे उभं राहायचं ते मी सांगितलं नाही. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून ते शहाणं पोर पंख्याच्या मागे जाऊन उभं राहिलं, आणि मोबाइलच्या पडद्यावर काय दिसतंय ते बघायला जरा वाकलं.

पंखा पुढे जो वारा टाकतो तो मागून ओढून घेतो. हे विधान चुकीचं आहे असं कुठल्याही इयत्तेत कुणी म्हणणार नाही. आमच्या पंख्याच्या मागच्या जाळीच्या दोन तारा गेल्या पावसाळ्यापासून निखळलेल्या होत्या. हेही मला माहीत होतं. समीकरणातल्या सगळ्या गोष्टी माहीत असलेला तो माझ्या आयुष्यातला एकमेव प्रयोग.

आवाज फार मोठा झाला नाही. खर्र, खर्र, आणि मग मोटारीची घरघर. मालकानं धावत जाऊन बटण बंद केलं. पोरगं पांढरं पडलं होतं. साडी सोडवली तेव्हा पदराच्या कोपऱ्यात, मोराच्या शेपटीपाशी, जुन्या आठ आण्याएवढं भोक होतं. साडीला सिल्क मार्कचं लेबलही होतं, म्हणजे शुद्ध रेशमाची हमी लेखी लटकलेली होती. पंख्यात सगळ्यात आधी तेच गेलं.

मालक एक अक्षर रागानं बोलला नाही. त्याचंच जास्त लागलं. त्यानं तो पदर उलटा करून माझ्या मांडीवर ठेवला. मागून मोर पुढच्याइतकाच स्वच्छ. मग सेमीचा पदर उलटला. मागे सुटे, लोंबते धागे. हातमागावर विणकर प्रत्येक रंगाचा धागा नक्षीच्या कडेला शेजारच्या रंगात गुंतवून परत फिरवतो, म्हणून दोन्ही अंगं जवळजवळ सारखी दिसतात. यंत्रावर न लागणारा धागा मागून तसाच तरंगत जातो. "काका, उलटून बघितलं की झालं," तो म्हणाला. दहा सेकंदही लागले नाहीत.

साडी अर्थातच मी घेतली. भाव केला नाही. भोक पाडलेल्या वस्तूचा भाव करायला जो धीर लागतो तो माझ्यात नाही.

त्या २०१३ च्या निबंधावर पहिलं नाव कॅथरिन बाउमन यांचं आहे. या बाई पुढे दोनशेहून जास्त शास्त्रज्ञांच्या चमूत होत्या. याच चमूनं १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाला दाखवलं, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतलं. पंख्यासमोर टांगलेल्या कापडापासून निघून त्या विवरापर्यंत पोचल्या. मीही तिथूनच निघालो आणि विवरापर्यंतच पोचलो. माझं जरा जवळ निघालं, इतकंच.

बरं, नुसतं भोक पडलं असतं तर दैव म्हणून सोडून दिलं असतं. घरी येऊन मी तो व्हिडिओ मोजलादेखील. सेमीच्या लाटा माझ्या वहीतल्या आईच्या लुगड्याशी जुळल्या. बायकोला सांगितलं, शास्त्राप्रमाणे ती साडी सुती आहे. ती म्हणाली, "शास्त्राला आमटी वाढू का?"

त्या प्रयोगशाळेत आणि माझ्यात काय फरक होता, यावर मी नंतर बराच विचार केला. सगळी कापडं त्यांनी एकाच तऱ्हेनं टांगली होती. मी पडदा कड्यांवर, लुगडं दोरीवर आणि साडी चार पदरी घडीनं टांगली. त्यांचा वारा ठरलेला होता. माझ्या वाऱ्यात शेजारचं वऱ्हाड होतं. कापड हलकं म्हणून जास्त हललं की वारा जोराचा म्हणून, हे नुसत्या हलण्यावरून सुटत नाही. वारा कुणीतरी सांगावा लागतो. आणि मुख्य म्हणजे त्या कापडांचा ताठरपणा नि वजन त्यांनी उपकरणांनी मोजून ठेवलं होतं. संगणकाचं उत्तर त्याच्याशी ताडून बघितलं, मग निबंध लिहिला. मी त्या सगळ्यातला फक्त पंखा उचलला. आईलाही दोरी कुठली, वारा कुठला आणि सतरंजी कितव्या वर्षीची हे माहीत होतं. ते कपडे तिनं रोज स्वतः पिळलेले होते. तिची नजर वाचायची ते तिच्या मनगटानं आधी शिकलेलं होतं.

रफूसाठी मालकानंच साडी एका विणकराच्या घरी नेली. मीही गेलो, कुणी बोलावलं नव्हतं. त्या घरातल्या आजींनी भोकाकडे बघितलंसुद्धा नाही. कड अंगठ्याखाली घेऊन जराशी चोळली, रिळांच्या डब्यातून चार पिवळे चाळले आणि पाचवा काढला. माझ्या डोळ्यांना पाचही एकच दिसत होते. "पंखा लावू का आजी, उकडतंय," मी म्हणालो. मालकानं माझा दंड धरला.

लग्न झालं. भाची गौरीहराकडे चालत जाते तेव्हा पदर मागे एकदा सळसळतो, ती चित्रफीत मी थांबवून थांबवून, एकेक चित्र करून बघितली आहे. रफू नेमकं कुठे आहे हे ठाऊक असूनही मला ते सापडलेलं नाही. कॅमेरा चांगला होता, उजेडही भरपूर होता.

मांडवात माझी आत्या आली होती. वय ८४, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस आवाजावरून ओळखते. भाची पाया पडली, तेव्हा आशीर्वाद देता देता आत्यानं तिचा पदर चिमटीत धरला आणि बोटं कोपऱ्यापर्यंत सरकवत नेली.

"पोत छान आहे हो," ती म्हणाली. मग मान माझ्या दिशेनं वळवली. "अरे, पण नव्या साडीला रफू कुणी केलंय?"

पंख्याच्या मागच्या जाळीला मी नव्या तारा बसवून घेतल्या आहेत. बंदी उठलेली नाही.